कबुलीच्या आधीचा प्रश्न

माझे वडील चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, कचेरीबाहेर अर्जनवीस होते. पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबे सरकारने आमच्या जिल्ह्यात वसवली, तेव्हा त्यांचे कितीतरी अर्ज वडिलांच्या टाइपरायटरवर उतरले. कुणाला जमिनीचा पट्टा हवा असे, कुणाला बैलजोडीसाठी कर्ज, कुणाला रेशनकार्डावर नवे नाव. नागरिकत्वाच्या नोंदणीचा अर्ज मात्र क्वचितच कुणी मागे. जमीन सरकारने दिली, घर बांधायला मदत सरकारने दिली, मतदारयादीत नाव आले. आता आणखी काय लिहून घ्यायचे, असे त्या लोकांना वाटे. तसे वाटणे स्वाभाविक होते. पुढे मी वकील झाले, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर आले आणि त्याच कुटुंबांतली मुले-नातवंडे आरोपी म्हणून माझ्याकडे येऊ लागली. न लिहिलेला अर्ज दोन पिढ्यांनंतरही माणसाच्या आड येतो, हे मी त्यांच्या कामातून शिकले.

या लेखात मला दोन इतिहास सांगायचे आहेत. आमच्या जंगलपट्ट्यात परका कोण ठरत गेला, हा एक. गरीब आरोपीला वकील कसा मिळत गेला, हा दुसरा. दोन्ही एकाच काळात घडत होते. पण एकाची खबर दुसऱ्याला नव्हती, आणि त्याची किंमत मोजली ती कोर्टात मान खाली घालून ‘कबूल आहे’ म्हणणाऱ्या माणसांनी.

परका कोण, हा प्रश्न इथे बंगाल्यांच्या येण्याने सुरू झालेला नाही. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले आणि नागपूरच्या राज्याबरोबर चांदाही इंग्रजांकडे गेला. १८५८ मध्ये मोलमपल्लीच्या बाबुराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्यांचे साथीदार, अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव, बस्तरमध्ये निसटले. जंगल तेच होते, माणसे तीच होती, राज्य मात्र दुसरे होते. १८६० मध्ये बस्तरच्या राजाने त्यांना पकडून इंग्रजांच्या हवाली केले आणि त्यांना जन्मठेप झाली. एका हद्दीत आसरा घ्यायचा आणि तिथल्या सत्तेने दुसऱ्या सत्तेला माणूस सुपूर्द करायचा, हा व्यवहार आमच्या भागाने इतक्या लवकर पाहिला. आज ज्या घोट परिसरात बंगाली गावे आहेत, तीच ही जमीनदारी.

त्याच १८६० साली निजामाशी झालेल्या तहाने गोदावरीच्या डाव्या तीरावरचा सिरोंचाचा मुलूख इंग्रजांना मिळाला. अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा झाला, सिरोंचा त्याचे मुख्य ठाणे. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडला आणि सिरोंचा चांद्याला जोडला गेला. प्राणहिता आणि गोदावरीच्या पलीकडे मात्र निजामाचेच राज्य राहिले. दोन्ही काठांवर तेलुगू बोलणारी तीच कुळे, तेच सोयरे, तेच बाजार. १८६४ च्या परकीय व्यक्तींविषयीच्या कायद्याने पलीकडचा माणूस इकडे परका ठरत होता आणि त्याला हद्दीबाहेर काढण्याचा अधिकार सरकारकडे होता. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात आले तेव्हा ही रेषा पुसली गेली. ज्या माणसांना ती लागू होती त्यांच्यात काहीच बदल झाला नव्हता. बदलला होता तो कायदा. बंगाली वस्त्यांकडे पाहताना मी हे सतत ध्यानात ठेवते.

आता त्या वस्त्यांकडे येऊ. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून लोक येतच होते. त्यांना वसवण्यासाठी १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प सुरू झाला, तो मुख्यतः बस्तर आणि ओडिशाच्या कोरापुट-कालाहांडी भागात. डिसेंबर १९६३ मध्ये श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातील पवित्र अवशेष चोरीला गेला. त्याचे पडसाद जानेवारी १९६४ मध्ये खुलना, ढाका, नारायणगंज इथल्या दंगलींत उमटले आणि निर्वासितांचा नवा लोंढा निघाला. रायपूरजवळच्या माना कॅम्पमध्ये त्यांना ठेवले गेले आणि तिथून त्यांची पांगापांग झाली. काही दंडकारण्यात गेले, काही उत्तर प्रदेशच्या तराईत, काही मध्य प्रदेशात, आणि काही आमच्या चांदा व भंडारा जिल्ह्यांत. आजच्या गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत, तर गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात ही गावे आहेत: सुंदरनगर, विवेकानंदपूर, अरुणनगर, दिनकरनगर. चंद्रपूर शहरात मूल रस्त्यावर बंगाली कॅम्प नावाची वस्तीच आहे. यांतले बहुसंख्य नमःशूद्र समाजाचे. बंगालमध्ये हा समाज अनुसूचित जातींत मोडतो. महाराष्ट्राच्या यादीत तो नसल्याने इथे त्यांना जातीचा दाखला मिळत नाही. नदी-खाडीच्या मुलखातली ही माणसे साग-ऐनाच्या जंगलात आली. त्यांनी धान लावले, तळी खोदून मासे सोडले, भाजीपाला पिकवून आठवडी बाजारात आणला.

येताना त्यांच्याकडे जे कागद होते त्यांची नावे वडिलांच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकली. सीमेवर मिळालेली बॉर्डर स्लिप. ढाक्यातल्या भारतीय उपउच्चायुक्तालयाने दिलेले मायग्रेशन सर्टिफिकेट. माना कॅम्पचे कार्ड. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ मध्ये अशा माणसांसाठी सरळ वाट होती: मूळ भारतीय वंशाचा माणूस सहा महिने इथे राहिला की नोंदणीचा अर्ज करू शके. ज्यांनी तो केला ते सुटले. ज्यांना कुणी सांगितलेच नाही त्यांनी बॉर्डर स्लिप पत्र्याच्या पेटीत ठेवली. पेटीतून ती कधी पावसाने गेली, कधी वाळवीने.

मग १९७१ आले. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली आणि सरकारने २५ मार्च १९७१ ही रेषा ओढली. त्यानंतर आलेल्यांनी परत जायचे, त्यांची नागरिक म्हणून नोंदणी करायची नाही, असे धोरण ठरले. बहुतेक लोक बांगलादेश झाल्यावर परत गेले. आमच्या गावांत आधीच वसलेल्यांचे कुणी भाऊ, कुणी मेहुणे त्या वर्षी आले आणि राहून गेले. पुढच्या काळात लग्न होऊन मुलीही आल्या. एकाच अंगणात आता दोन तऱ्हेची माणसे राहू लागली आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नव्हता.

यानंतर कायदा दोनदा आवळला गेला. १९८६ च्या दुरुस्तीने नोंदणीसाठी सहा महिन्यांऐवजी पाच वर्षांचे वास्तव्य लागू झाले. १ जुलै १९८७ पासून केवळ भारतात जन्म होणे पुरेसे राहिले नाही. आई किंवा वडील नागरिक असणे गरजेचे झाले. २००३ ची दुरुस्ती ३ डिसेंबर २००४ पासून लागू झाली. तिने ‘अवैध स्थलांतरित’ ही व्याख्या आणली, अशा व्यक्तीला नोंदणीची दारे बंद केली आणि त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलाच्या पालकांपैकी एकही अवैध स्थलांतरित असेल, तर मूल जन्माने नागरिक नाही असे ठरवले.

याचा अर्थ कळावा म्हणून एक घर डोळ्यांसमोर आणा. आजोबा १९६५ मध्ये आले, नोंदणी राहून गेली. वडील १९७२ मध्ये याच गावात जन्मले, म्हणून जन्माने भारतीय. आई १९९० मध्ये लग्न होऊन खुलन्याहून पासपोर्टाशिवाय आली, म्हणून २००३ च्या व्याख्येत अवैध स्थलांतरित. थोरला मुलगा १९९५ चा. वडील नागरिक, म्हणून तोही नागरिक. धाकटी मुलगी २००६ ची. आईच्या स्थितीमुळे तिचे नागरिकत्व अडले. एक चूल, एक रेशनकार्ड, पाच माणसे आणि कायद्यापुढे पाच निरनिराळी उत्तरे. गरीब घराला हे कुणी समजावून सांगितलेले नसते. ते सांगायला बहुतेक वेळा एकच माणूस त्यांच्या वाट्याला येतो: कुठल्यातरी किरकोळ खटल्यात सरकारने नेमून दिलेला वकील.

त्या वकिलाचाही इतिहास आहे. इंग्रजांच्या १८९८ च्या फौजदारी संहितेने आरोपीला वकिलामार्फत बचाव करण्याचा हक्क दिला. पण वकिलाची फी कोण देणार, यावर ती गप्प होती. राज्यघटनेच्या कलम २२ ने अटक झालेल्या माणसाला वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क दिला. १९७३ च्या संहितेच्या कलम ३०४ ने सत्र न्यायालयातल्या निर्धन आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळू लागला. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ३९-अ हे कलम आले आणि मोफत विधी साहाय्य राज्याचे कर्तव्य झाले. मग सर्वोच्च न्यायालयाने एकामागून एक दरवाजे उघडले. १९७८ मध्ये हॉसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात न्या. कृष्णा अय्यर यांनी कैद्याच्या अपिलासाठी मोफत वकील हा न्याय्य प्रक्रियेचाच भाग मानला. १९७९ मध्ये हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे सडणारे कच्चे कैदी देशासमोर आले. १९८१ च्या खत्री प्रकरणात न्यायालयाने बजावले की वकील मिळण्याचा हक्क आहे हे दंडाधिकाऱ्याने आरोपीला स्वतःहून सांगितले पाहिजे. १९८६ चा सुक दास खटला तर मला फार जवळचा वाटतो. तो अरुणाचल प्रदेशातला, आमच्यासारख्याच दुर्गम डोंगर-जंगलातला. आरोपीने वकील मागितला नाही म्हणून त्याचा हक्क बुडत नाही, असे न्या. भगवती यांनी त्यात सांगितले.

तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. १९८६ मध्ये सुक दासचा निकाल आला आणि त्याच वर्षी संसदेने नागरिकत्वाचा कायदा आवळला. १९८७ मध्ये ती दुरुस्ती अमलात आली आणि त्याच वर्षी विधी सेवा प्राधिकरण कायदा मंजूर झाला, जो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. एका हाताने राज्याने गरिबाला वकील दिला. दुसऱ्या हाताने, ज्या प्रश्नावर त्या गरिबाला वकिलाची सर्वांत जास्त गरज पडणार होती तो प्रश्न अवघड केला. आणि वकिलाला कुणी सांगितले नाही की हे दोन्ही तुझेच काम आहे. आम्हाला जामीन शिकवला, उलटतपासणी शिकवली, शिक्षेत सवलत मागायला शिकवले. समोरचा माणूस या देशाचा नागरिक आहे का, आणि तुझ्या युक्तिवादाने त्यावर काय परिणाम होईल, हे कुठल्याही प्रशिक्षणात माझ्या कानावर आले नाही.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. १९९३ पासून जिल्ह्यात दारूबंदी आहे. चंद्रपुरातही ती २०१५ पासून २०२१ पर्यंत होती. त्यामुळे आमच्या तालुका कोर्टांच्या रोजच्या बोर्डावर दारूबंदीच्या केसेस, जोडीला जंगलातून सरपण-बांबू आणल्याच्या, मारामारीच्या, जुगाराच्या. अशा केसमध्ये गरीब माणूस एकच गोष्ट मागतो. “दिदी, कबूल करून टाकतो, दंड भरतो, उद्या रोवणी आहे.” त्याची मजुरी बुडत असते, तारखेला यायला एस. टी.चे भाडे लागते. नागरिक असलेल्या आरोपीसाठी हा हिशोब समजण्यासारखा आहे. ज्याचे नागरिकत्व अधांतरी आहे त्याच्यासाठी तो हिशोब पुरा पडत नाही. पुढे देशीयकरणाचा, म्हणजे परक्याने नागरिक होण्याचा, अर्ज करायचा झाला तर नागरिकत्व कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत चांगल्या चारित्र्याची अट आहे, आणि दंड भरून विसरलेली ती केस पोलीस पडताळणीत वर येते.

त्याहून मोठा धोका खटल्याच्या निकालात नसतो, कागदावरच्या रकान्यात असतो. अटकेच्या फॉर्मवर राष्ट्रीयत्वाचा रकाना असतो. जन्मस्थान विचारले की म्हातारा माणूस सरळ मनाने ‘खुलना’ किंवा ‘बरिशाल’ सांगतो. तेच जामीन अर्जात उतरते, तेच प्रतिज्ञापत्रात. बंगाली बोलणाऱ्या आरोपीचा जबाब मराठीत लिहिला जातो आणि ‘आमचे घर तिकडे होते’ याचे ‘मी तिकडचा आहे’ कधी होते ते त्याला कळत नाही. आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला समजावून सांगितली पाहिजे, हे १९७३ च्या संहितेच्या कलम २७९ मध्येच होते. आमच्याकडे हे काम अनेकदा गावातला एखादा शाळामास्तर करतो. तो आला नाही तर मी तारीख मागते. तारीख मिळाल्याने अशिल नाराज होतो, पण चुकीचा शब्द नोंदला गेला तर तो पुसायला उच्च न्यायालयापर्यंत जावे लागते.

१९४६ च्या परकीय नागरिक कायद्याच्या कलम ९ ने तर पुराव्याचा सगळा भार आरोपीवर टाकला होता. इतर गुन्ह्यांत सरकार सिद्ध करते. इथे आपण परके नाही हे माणसानेच दाखवायचे. कलम १४ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होती. अशा केसमध्ये तुरुंगात बसलेल्या तरुणाला कुणीतरी सांगते की कबूल कर, जितके दिवस आत काढलेस तितकीच शिक्षा देतील, सुटशील. पण इथे गुन्ह्याची कबुली म्हणजेच परकेपणाची कबुली. शिक्षा संपते त्या दिवशी माणूस घरी येत नाही. त्याला सीमेकडे नेण्याची कारवाई सुरू होते.

मुलचेऱ्याकडच्या एका कुटुंबाची गोष्ट सांगते. मुलगा दूरच्या शहरात बांधकामावर गेला होता. बंगाली बोलतो म्हणून संशयावरून पकडला गेला. मुलाला कबुलीचा सल्ला मिळाला होता, आणि घरच्यांनी मला विचारायला फोन केला. मी एवढेच म्हटले की मी कागद पाहीपर्यंत कुणी काही कबूल करायचे नाही. मग आम्ही वडिलांचा जन्म शोधला. ते १९६० च्या दशकात माना कॅम्पमध्ये जन्मलेले, म्हणजे नागरिकत्व कायद्याच्या कलम ३ प्रमाणे जन्माने भारतीय. त्यांचे जिल्हा परिषद शाळेतले दाखलखारीज, आजोबांच्या नावचा पट्टा, भोगवटादार वर्ग २ अशी नोंद असलेला सातबारा, जुन्या मतदारयादीची प्रमाणित नक्कल असा एकेक कागद मिळवला. मुलगा १९९० च्या दशकातला, वडील नागरिक, म्हणून तो नागरिक. त्या शहरातल्या वकिलाकडे हे सगळे पोचले आणि मुलगा जामिनावर सुटून गावी आला. त्याने कबूल केले असते तर भारतात जन्मलेल्या माणसाच्या भारतात जन्मलेल्या मुलाने स्वतःच्या तोंडाने देश सोडला असता.

हे फक्त बंगाल्यांपुरते नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ, इटियाडोह धरणाच्या परिसरात, नोरग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. तिथली माणसे हिवाळ्यात स्वेटर विकायला शहरोशहरी जातात. त्यांच्याकडे परकीय म्हणून नोंदणीचे प्रमाणपत्र असते, ज्याला सगळे आरसी म्हणतात, आणि ते ठरावीक मुदतीने नवे करून घ्यावे लागते. मुदत चुकली की गुन्हा. पण २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला तिबेटी हा जन्माने भारतीय नागरिक आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये नामग्याल डोलकर यांच्या खटल्यात सांगितले. म्हणजे १९८० साली त्या वसाहतीत जन्मलेल्या माणसाने आरसी उशिरा नवी केल्याचा गुन्हा कबूल केला, तर तो जे मुळात नाही ते आहे असे कोर्टात लिहून देतो. वकिलाने जन्मसाल विचारले असते तर बचाव तिथेच उभा होता.

हीच गोष्ट अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. होसे पाडिया हा मूळ होंडुरासचा ट्रकचालक. चाळीस वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत कायदेशीर राहिलेला, व्हिएतनाम युद्धात त्या देशासाठी लढलेला. गांजा वाहून नेल्याच्या खटल्यात त्याच्या वकिलाने त्याला सांगितले की इतकी वर्षे इथे आहेस, देशाबाहेर काढण्याची काळजी नको. त्याने गुन्हा कबूल केला आणि हद्दपारी जवळजवळ अटळ झाली. ३१ मार्च २०१० रोजी पाडिया विरुद्ध केंटकी या निकालात न्यायालयाने ठरवले की कबुलीमुळे हद्दपारीचा धोका असेल तर तो अशिलाला सांगणे हे बचावाच्या वकिलाचे घटनात्मक कर्तव्य आहे. त्या निकालानंतर तिथल्या सरकारी बचाव वकिलांच्या कार्यालयांत या विषयाचा जाणकार असणे ही गरज मानली जाऊ लागली. आपल्याकडे असा निकाल नाही. पण तो येईपर्यंत वाट पाहण्याचे कारणही नाही, कारण आपल्या कायद्यात पाया तयार आहे. जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचे कलम २१ नागरिकापुरते नाही, प्रत्येक व्यक्तीसाठी आहे. चकमा निर्वासितांच्या बाबतीत १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच बजावले. विधी सेवा कायद्याचे कलम १२ कोठडीतल्या व्यक्तीला मोफत वकील देते आणि तिथेही शब्द ‘व्यक्ती’ असाच आहे.

गेल्या काही वर्षांत कायदा पुन्हा वेगाने बदलला. २०१९ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत बांगलादेश, पाकिस्तान, अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना अर्जाची वाट दिली. नियम ११ मार्च २०२४ रोजी आले. आमच्या अनेक घरांतल्या सुनांना ती वाट उपयोगी आहे. पण अर्ज करताना आपण तिकडून आलो हे लिहून द्यावे लागते, आणि ज्याचा जन्मच इथला आहे त्याने घाबरून तो अर्ज केला तर असलेले नागरिकत्व तो स्वतःच संशयात टाकतो. तिबेटी या वाटेत नाहीत. चंद्रपूरच्या बांधकामांवर येणारा मुर्शिदाबाद-मालद्याचा मुस्लिम गवंडी भारतीयच असतो, पण त्याच्यावर बांगलादेशी असल्याचा संशय घेतला गेला तर त्याला ही वाटही नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या कायद्याच्या जागी नवा आप्रवास आणि परकीय नागरिक कायदा लागू झाला. पुराव्याचा भार त्यातही आरोपीवरच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जावर सांगितले की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र एवढ्यानेच कुणी नागरिक ठरत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई परिसरात पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर सीमेपलीकडे ढकलले गेले आणि ते भारतीय असल्याचे कळल्यावर त्यांना परत आणावे लागले. दुसऱ्या बाजूला, ११ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रहीम अली विरुद्ध आसाम राज्य या खटल्यात स्पष्ट केले की नुसत्या संशयावर कुणालाही नागरिकत्व सिद्ध करायला लावता येत नाही. सरकारकडे आधी काहीतरी ठोस आधार हवा. हा निकाल प्रत्येक जिल्ह्याच्या बचाव वकिलाच्या टेबलावर असला पाहिजे.

आणि आता तसे टेबल आहे. २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत लोकअभिरक्षक कार्यालये उभी राहिली. पॅनलवरचा वकील आपल्या इतर कामांतून वेळ काढून येई. लोकअभिरक्षक पूर्णवेळ आणि पगारी आहे, गरिबांचा बचाव हेच त्याचे काम. अर्जनवीसाच्या टाइपरायटरपासून इथपर्यंत यायला आम्हाला इतका काळ लागला, पण आम्ही पोचलो आहोत. म्हणून माझी मागणी मोठी खर्चिक नाही. आरोपी पहिल्यांदा समोर बसला की जामिनाच्या आधी, कबुलीच्या फार आधी, त्याला एकांतात चार गोष्टी विचाराव्यात: तुमचा जन्म कुठे आणि कोणत्या साली झाला, आई आणि वडील कुठून, कधी आले, त्या वेळचा कोणता कागद घरात आहे, आणि नागरिकत्वाचा किंवा नोंदणीचा अर्ज कधी केला होता का. उत्तरे वकिलाच्या फाइलमध्ये राहावीत, कोर्टाच्या कागदावर नाही. १ जुलै १९८७ आणि ३ डिसेंबर २००४ या दोन तारखा प्रत्येक नव्या वकिलाला पाठ असाव्यात. बंगाली आणि तिबेटी दुभाषे जिल्हा प्राधिकरणाच्या यादीवर असावेत. माना कॅम्पच्या नोंदी, पुनर्वसन खात्याची जुनी पट्टे-रजिस्टरे, शाळांची दाखलखारीज पुस्तके यांच्या नकला तालुक्याच्या ठिकाणी मिळाव्यात, कारण ही पुस्तके जीर्ण होत आहेत आणि ती गेली की गावेच्या गावे पुराव्याविना उरतील.

या कामात कुणाच्या धर्माचा, भाषेचा, जातीचा प्रश्न वकिलाने मनात आणायचा नसतो. एखादा माणूस खरोखर परदेशी निघाला तरी त्याला काय होणार आहे ते नीट कळलेच पाहिजे; त्याच्या दूतावासाला कळवण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारानेच दिला आहे. तो आपला निर्णय आपणच घेईल, पण समजून घेईल. मी आजवर पाहिलेल्या कबुल्यांपैकी कितीतरी गुन्ह्याच्या नव्हत्या, थकव्याच्या होत्या, उद्याच्या रोवणीच्या होत्या. अशी कबुली वकिलाने थांबवली पाहिजे आणि आधी विचारले पाहिजे. कायद्याने आम्हाला गरिबाच्या शेजारी उभे केले आहे ते त्यासाठीच.